पेटीतला भुंगा

बाबांच्या पुढच्या एका दाताला खाच होती. आयुष्यभर दाताने वायर सोलल्यामुळे पडलेली. वायर सोलायची पक्कड त्यांच्याकडे होती, पण दोन्ही हात कामात असले की ते वायरचे टोक दातांत धरत, हलकेच चावत आणि मान मागे ओढत. वरचे प्लास्टिक निघून यायचे, आतले तांबे चमकायचे आणि तो प्लास्टिकचा तुकडा ते बाजूला थुंकायचे. आई म्हणायची, "याच्यापेक्षा उंदीर बरा. तो चोरून तरी कुरतडते."

ते गेले तेव्हा त्यांचे तोंड किंचित उघडे राहिले होते आणि ती खाच दिसत होती. लोक फुले वाहत होते. मी दाताकडे पाहत होते.

तुमसरला बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचे घर आहे. समोरच्या खोलीत बाबांचे दुकान होते. रेडिओ, टेप, मग टीव्ही, मग टीव्हीचे रिमोट, आणि शेवटी शेवटी लोक मोबाईलचे चार्जर तेवढे दुरुस्तीला आणायचे. मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. सकाळच्या बसने जाते, संध्याकाळी परत येते. लग्न केले नाही. घरात आम्ही तिघेच होतो.

आईचे माहेर एकोडीचे. लग्न होऊन आली तोवर तिने शेतातल्या धानाच्या रोवणीशिवाय दुसरे काम केलेले नव्हते. तुमसरला आल्यावर ती राईस मिलमध्ये लागली. तिचे काम भरडाईच्या यंत्राजवळ असायचे. तांदूळ पडतो तिथे उभे राहायचे, कोंडा बाजूला ओढायचा, पोते लावायचे. त्या यंत्राच्या आवाजात बायका एकमेकींशी हातांनी बोलत. घरी आल्यावरही आई बराच वेळ हातांनीच बोलायची, आणि मी लहान असताना मला ती गंमत वाटायची. नंतर ती मोठ्याने बोलू लागली. नंतर "काय म्हणतं?" असे दोनदा विचारू लागली. भंडाऱ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितले, की अशा कानांतून आधी बारीक आवाज जातात. चिमण्या, कुकरची शिटी, बायकामुलांचे बोलणे. जाड आवाज उशिरापर्यंत राहतात.

माझा आवाज बारीक आहे. आईला तो फार लवकर ऐकू येईनासा झाला. कानाशी ओरडले तर शब्द पोचतात, पण ओरडून माणूस किती बोलणार? जेवायला चल, गोळी घे, कोण आले आहे, एवढेच. ओरडून कुणाला दिवस कसा गेला ते सांगता येत नाही.

बाबांचा आवाज जाड होता. तो तिला समजायचा. ते तिच्या डाव्या बाजूला बसत आणि साध्या आवाजात बोलत, आणि ती उत्तर द्यायची. कित्येकदा मी आतल्या खोलीत वाचत असताना त्यांचे भांडण ऐकायची. मला ते ऐकायला आवडायचे.

एका शिबिरात मिळालेले कानाचे यंत्र आईने थोडे दिवस लावले. "कानात कोणी किडा सोडला असं वाटते," म्हणून काढून ठेवले. तेव्हा बाबांनी तिच्यासाठी पेटी केली. जुन्या रेडिओतले सामान, एक चांगला ट्रान्सफॉर्मर, सागवानी फळीची चौकट आणि दोन मोठे स्पीकर. एक स्पीकर कपाटावर आणि एक आईच्या खाटेच्या उशाशी. टीव्हीच्या मागून लाल आणि पांढऱ्या टोकांची वायर निघायची, ती पेटीत जायची, आणि टीव्हीतला आवाज जाड होऊन आईच्या उशाशी यायचा. सकाळची बुद्धवंदना, दुपारच्या बातम्या, संध्याकाळच्या बातम्या. मालिका तिला आवडत नसत, कारण त्यात बायकाच जास्त बोलतात आणि त्या तिला ऐकू येत नाहीत.

पेटी सुरू केली की आधी एक घूंऽऽ असा आवाज यायचा. टीव्ही लावलेला नसला तरी यायचा. आई त्याला भुंगा म्हणायची. जुन्या घराच्या छताच्या बांबूत काळा भुंगा राहायचा, तसा. बाबांना तो आवाज म्हणजे स्वतःच्या कामावरचा डाग वाटे.

"तो पेटीचा नाही," ते सांगत. "तो बाहेरून येते. केबलच्या वायरवर तांब्याची जाळी असते ना, ती सगळ्या गल्लीतून फिरून येते. गल्लीभरचा भटका करंट त्या जाळीतून आपल्या टीव्हीत येते, टीव्हीतून पेटीत."

"गल्लीभरचे लोक येऊन राहिले, अन् तुमाले करंटाची चिंता," आई म्हणायची.

भुंगा घालवण्यासाठी त्यांनी अंगणात खड्डा खणला. भटका करंट जमिनीत उतरावा म्हणून त्यात पेटीला वायरने जोडलेली तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि मीठ टाकले आणि त्यावर रोज पाणी ओतू लागले. आई ओट्यावरून पाहायची. "लोकं खड्ड्यात झाड लावते. हे मीठ लावून राहिले. उगवलं का सांगा जी, वरणात टाकू."

भुंगा कमी झाला, पण गेला नाही. आणि पुढे पुढे बाबांनी त्याचा नाद सोडला, कारण आईचे कान आणखी खाली गेले आणि तो भुंगाच तिला सगळ्यांत चांगला ऐकू येऊ लागला. ती खाटेवर पडल्या पडल्या स्पीकरच्या फळीवर हात ठेवायची. हाताला थरथर लागली की पेटी सुरू आहे. मग बातम्या देणारा बोलो की गप्प राहो, तिला चिंता नसायची. बाबा दुकानात असले आणि मध्येच वीज गेली, तर पंखा थांबलेला कळण्याआधी तिला भुंगा थांबलेला कळायचा. ती तिथूनच ओरडायची, "अजी, गेली!"

बाबांचे दुसरे एक वेड सांगितले पाहिजे. आमच्या घरात एकही वायर लोंबकळत नसे. प्रत्येक वायर भिंतीला खिळून, कोपऱ्यात काटकोनात वळवून, जिथे लावायची तिथपर्यंतच. वर एक बोटही जास्त नाही. नवीन काही आणले की बाबा आधी त्याची वायर कापायचे, लांबी नेमकी करायचे आणि टोक पुन्हा जोडायचे. लोंबकळणारी वायर दिसली की ते चिडत. "मोकळं टोक हवेतला करंट गोळा करते. पेटीले असं टोक लावून सोडून दिलं का भुंगा दहापट होते. वायर लोंबली का समजा मेकॅनिक मेला." हे ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. तुटलेली वायर मात्र त्यांनी कधी फेकली नाही. सोलायची, पिळायची, कथील वितळवून लावायचे, पट्टी गुंडाळायची. आमच्याकडच्या कुठल्याही वायरवरून हात फिरवला तर दोन-तीन गाठी लागतातच.

मागच्या वर्षी त्यांना खोकला लागला. नागपूरला तपासण्या झाल्या. फुफ्फुसात होते आणि पसरलेले होते. डॉक्टरांनी विडी-तंबाखूचे विचारले. बाबा म्हणाले, काही नाही. मग स्वतःच म्हणाले, "कथलाचा धूर गेला असन." डॉक्टरांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते आम्हाला कळले नाही. परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. वरठीला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "हिले सांगू नको. मीच सांगीन."

त्यांनी सांगितले. मी आतल्या खोलीत होते. त्यांचा साधा, जाड आवाज चालू होता. तो थांबल्यावर आई म्हणाली, "मंग माझ्यासंग बोलन कोण?"

त्यानंतर बाबांनी काही मनाशी ठरवले असावे. दुकान ते उघडत, पण बसत नसत. ते आईला पेटीची सवय लावू लागले. म्हणजे ते स्वतः तिच्याशी बोलायचे तेव्हाही आता पेटी लावून ठेवायचे. आणि नेमके त्याच दिवसांत आमच्या जुन्या टीव्हीची काच विझली. हवा तो भाग आता कुठेच मिळत नव्हता. बाबांनी नागपूरच्या बाजारात ओळखीच्यांना विचारले. ते हसले.

मी नवा टीव्ही घेतला. पातळ, भिंतीवर लावायचा. बाबांनी तो लावण्याआधी खाटेवर पालथा घालून मागून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"लाल-पांढरं कुठी आहे?"

नव्हते. आवाज बाहेर काढायला मागे एकच चौकोनी भोक होते, त्याला इवलीशी झडप. टीव्ही सुरू करून बाबांनी बोटाने झडप आत ढकलली, तर आत लाल उजेड दिसला. ते हसले आणि हसताना खोकला आला. "काजवा बसला आहे वं आतमध्ये," ते आईला म्हणाले.

टीव्हीचा स्वतःचा आवाज मागच्या बाजूने, खाली भिंतीकडे जायचा. पातळ आवाज. आईला त्यातले अक्षरही कळले नाही. ती चित्राकडे पाहायची, मग स्पीकरच्या फळीवर हात ठेवायची आणि हात उचलून घ्यायची.

त्याच आठवड्यात केबलवाला आला. पन्नाशीचा माणूस, पूर्वी त्याच्या यंत्रांची दुरुस्ती बाबाच करायचे. खांद्यावर काळ्या, बारीक वायरचे वेटोळे होते.

"जयभीम काका. तांब्याचा वायर काढून राहिलो. सगळ्या गल्लीत आता काच."

"काच? पोट्ट्यायनं गोटा मारला तं फुटन ना बे."

"फुटत नाही जी. केसावानी असते. तिच्यातून उजेड जाते."

"उजेड तं टॉर्चातून बी जाते. टॉर्चात कधी बातम्या दिसल्या का तुले?"

"काका, तुमी बी ना! बुजवा तुमचा तो खड्डा अन् मीठ. याच्यात करंटच नाही. हात लावा, चाटून पाहा, काहीच नाही."

बाबांनी वेटोळ्यातले टोक हातात घेतले. अंगठ्याने दाबून पाहिले. "अन् ज्याच्यात करंटच नाही, त्याचा मेकॅनिक कसा होते माणूस?"

"मेकॅनिक लागतच नाही जी आता," केबलवाला म्हणाला, आणि मग बाबांच्या चेहऱ्याकडे, गळ्याच्या हाडांकडे पाहून कामाला लागला. जुनी वायर त्याने खिडकीपासून उपटली तेव्हा भिंतीवर तिची पांढरी रेघ राहिली. पण जाण्यापूर्वी त्यानेच सांगितले, की टीव्हीतला तो लाल उजेड पेटीत आणता येतो. उजेडाची एक वायर मिळते आणि एक डबी मिळते. डबी उजेडाचा पुन्हा करंट करून देते. त्या डबीला लाल-पांढरी भोके असतात.

"मंग झालं," बाबा म्हणाले. "मागव बाई."

मी मोबाईलवरून मागवले. वायर आणि डबी एकाच खोक्यात आली. रविवारची दुपार होती. बाबा पाठीशी उशी घेऊन भिंतीला टेकून खाली बसले. थांबत थांबत त्यांनी ती काळी वायर टीव्हीपासून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यातून खाली, पेटीपर्यंत खिळत नेली. आई खाटेवर बसून पाहत होती, एक हात आधीच स्पीकरवर. मी दारात पुस्तक घेऊन बसले होते. डबी पेटीशेजारी ठेवली, तिच्यासोबत आलेली लाल-पांढरी वायर लावली. काळ्या वायरची मात्र वाढीव वेटोळी उरली होती.

कट् असा आवाज आला.

मी वर पाहिले तेव्हा पक्कड खाली ठेवलेली होती. वायरचे टोक त्यांच्या दातांत होते आणि मान मागे गेली होती. काळे प्लास्टिक निघून आले. त्यांनी ते बाजूला थुंकले आणि टोक डोळ्यांसमोर धरले. आत तांबे नव्हते. मासे धरायच्या गळाच्या दोऱ्यासारखा एक पारदर्शक धागा होता, आणि त्याच्या टोकावर लाल ठिपका चमकत होता. दाताने चावले होते तिथे धाग्याच्या कडेनेही थोडा लाल उजेड सांडत होता.

उजेड असतो हे त्यांना माहीत होते. तासाभरापूर्वी त्यांनीच ते आईला समजावले होते.

"हाताले सांगाचं राहून गेलं," ते म्हणाले.

त्यांनी लगेच हार मानली नाही. ब्लेडने दोन्ही टोके सरळ कापली. एक संपलेली रिफिल घेतली, तिचा तुकडा केला आणि दोन्ही बाजूंनी धागे आत घालून समोरासमोर भिडवले. वर पट्टी गुंडाळली. आयुष्यातला प्रत्येक जोड त्यांनी जसा बसवला तसाच हाही, न घाई करता. पलीकडच्या टोकाला लाल ठिपका आला, पण फिका, उन्हात ठेवलेल्या निखाऱ्यासारखा. डबीचा दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. एकदा पेटीतून अर्धा शब्द आला. बाबांनी जोड सोडला, पुन्हा कापला, पुन्हा भिडवला. त्यानंतर तेवढेही आले नाही.

"आला का जी भुंगा?" आईने विचारले.

बाबांनी तिच्याकडे न पाहता हात वर केला. थांब.

ती थांबली. ऊन ओट्यावरून खाली उतरले. शेवटी त्यांनी पक्कड पेटीवर ठेवली आणि मला म्हणाले, "दुसरी मागव. लांबच लांब मागव. मी हात लावत नाही तिले." मग आईला ऐकू जाणार नाही अशा, म्हणजे माझ्याएवढ्याच बारीक आवाजात म्हणाले, "हिले माझाच आवाज समजते. पेटी बोलती करून जातो, मंग काही नाही."

दुसरी वायर यायच्या आत त्यांचा श्वास बिघडला. आम्ही त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेले. आईला शेजारणीजवळ ठेवले होते, पण ती दुसऱ्या दिवशी बसने आली आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली. बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनची वाटी होती. ते बोलायचे ते त्या वाटीत राहायचे. आई त्यांच्या ओठांकडे पाहायची, पण वाटीवर वाफ धरायची आणि ओठ दिसायचे नाहीत. त्यांचे शेवटचे बोलणे असे तिच्या समोर, तिच्यापर्यंत न पोचता झाले.

मला त्यांनी वाटी बाजूला करून विचारले, "कुठवर आली?"

मी मोबाईल पाहिला. "नागपूरला आली."

"जवळ आली मंग," ते म्हणाले. नर्सने वाटी पुन्हा तोंडावर बसवली. पहाटेपूर्वी ते गेले.

घरासमोर लोक बसले होते. पांढरे कपडे, मेणबत्ती, उदबत्तीचा वास. त्रिशरण, पंचशील सुरू झाले तेव्हा आईही म्हणू लागली. ती लोकांच्या ओठांकडे पाहून म्हणत होती, म्हणून प्रत्येक शब्दाला मागे पडत होती. सगळे गप्प झाल्यावर तिचा एकटीचा "गच्छामि" उरायचा. त्याच गर्दीत पार्सलवाला आला. त्याने मंडपाकडे पाहिले, चप्पल काढली, आणि हळू आवाजात ओटीपी विचारला. मी आकडे वाचून दाखवले. खोके आतल्या खोलीत नेऊन ठेवले.

पाहुणे गेल्यावर घर रिकामे झाले. आई खाटेवर. संध्याकाळ झाली की ती फळीवर हात ठेवायची, काढायची. मी कानाशी ओरडून विचारायची, चहा? ती मान हलवायची. दोन दिवस मी खोके फोडले नाही. मग फोडले.

मी वायर कापली नाही. टीव्हीच्या झडपेत एक टोक, डबीत दुसरे, उरलेले वेटोळे खाटेखाली. डबीचा दिवा स्थिर लागला. पेटी सुरू केली. बातम्या लागल्या आणि त्या माणसाचा आवाज उशाच्या स्पीकरमधून बाहेर आला, इतका स्वच्छ की मी दचकले. मागे काहीही नाही. कोरड्या पाटीवर खडूने लिहावे तसा एकेक शब्द.

आईने ऐकले. तिचे डोळे मोठे झाले. "बोलून राहिला," ती म्हणाली.

मला वाटले, झाले. बाबांना हवे होते ते झाले.

मग बातम्या देणारा श्वास घ्यायला थांबला. आईने फळीवर हात दाबला. "बंद पडला?"

मी मानेने नाही म्हटले. तो पुन्हा बोलू लागला. आणखी चार वाक्ये झाली, तो पुन्हा थांबला. "आता गेला?" मी पुन्हा नाही म्हटले. आधी मला उमगले नाही. मग मी कान फळीला लावला. दोन वाक्यांच्या मध्ये पेटीत काहीच नव्हते. बाबांनी खड्डा खणून, मीठ टाकून जे घालवायचा प्रयत्न केला, ते गेले होते. उजेडाबरोबर गल्लीचा करंट येत नाही. जिथे माणूस बोलायचा थांबतो, तिथे पेटी मेल्यासारखी होते.

असे काही दिवस चालले. प्रत्येक विरामाला ती मला शोधायची. मी स्वयंपाकघरात असले तर उठून यायची. "पाहा ना वं बाई, गेला." मी यायची, तोवर तो बोलत असायचा. एकदा तिने विचारले, "तुहा बाप असता तं नीट केला असता ना?" मी ओरडून सांगितले की पेटी नीट आहे. ती माझ्याकडे पाहत राहिली. शब्द पोचले होते. त्यांवर विश्वास बसला नव्हता. मग तिने पेटी ऐकणे सोडले. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. जेवण कमी झाले.

केबलवाला छपरावरची उरलेली जुनी वायर न्यायला आला तेव्हा मी त्याला सगळे सांगितले. तो टोपी काढून ओट्यावर बसला.

"अजी ताई, लोकं भुंगा घालवाले बोलावते. आणाले बोलावणाऱ्या तुमी पहिल्या."

"येईल का पण?"

त्याने मान हलवली. "कुठून आणू जी? तांबं राहिलंच नाही. सगळी काच. काचेतून भुंगा येत नाही." मग पेटीकडे पाहत, "काका असते तं शिव्या देऊन हाकलला असता मले, भुंगा मागाले आली पोरगी म्हणून."

तो गेल्यावर मी बाबांच्या दुकानात गेले. टेबलावर सगळे तसेच होते. खिळ्यांना गुंडाळलेल्या वायरी, प्रत्येक आपापल्या मापाची. मी जुन्या टीव्हीची लाल-पांढरी वायर काढली. तिला तीन गाठी होत्या आणि एका टोकाजवळ प्लास्टिकवर दाताचा वळ होता. सोलायला घेतली असेल आणि गिऱ्हाईक आले असेल.

वायरीबद्दल मला फार काही कळत नाही. पण एक गोष्ट लहानपणापासून ऐकलेली होती, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाबरोबर. पेटीला मोकळे टोक लावून सोडले की भुंगा दहापट होतो.

डबीकडून पेटीत दोन टोके जात होती, एका स्पीकरचे एक. उशाकडच्या स्पीकरचे टोक मी उपटले. बातम्यांसाठी कपाटावरचा स्पीकर राहिला. रिकाम्या भोकात बाबांची वायर लावली आणि तिचे दुसरे टोक कशालाच न लावता खाटेमागे सोडून दिले. ते भिंतीवर आपटले आणि लोंबकळत राहिले.

घूंऽऽ.

मोठा होता. मी बटण थोडे मागे फिरवले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची पाठ हलली. तिने मागे न वळता हात लांब केला, चाचपडत फळीपर्यंत नेला आणि ठेवला. बराच वेळ तशीच राहिली. मग कूस बदलली.

"हाव," ती म्हणाली. "आता लागला."

आता ती जेवते. सकाळी मी बसला निघण्यापूर्वी पेटी लावून जाते. संध्याकाळी फाटकाशी आले की भुंगा ऐकू येतो. त्यात वाचणे मला जमत नाही. पुस्तक घेऊन मी ओट्यावर बसते. झाडताना खाटेमागचे टोक केरसुणीने बाजूला सारते, पण गुंडाळून ठेवत नाही.

परवा घरी आले तर टीव्हीवर निळा पडदा होता. सिग्नल नाही, असे लिहिलेले. शेजारीण म्हणाली, सकाळीच रस्त्यावर खोदकामात काचेची वायर तुटली, सगळ्या गल्लीचे बंद आहे. डबीचा दिवा विझलेला होता. कपाटावरचा स्पीकर दिवसभर मुका असणार.

आई खाटेवर बसली होती. हात फळीवर. मला पाहून तिने मान हलवली आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "चालू हाये."